गाल्ली-कुर्चीबाईंचा आवाज नेमका कशाने गेला?

थायरॉइडची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांना कधी ना कधी ही गोष्ट ऐकवली जाते. इटलीची एक जगप्रसिद्ध गायिका होती. १९३५ साली शिकागोत तिच्या गलगंडाची शस्त्रक्रिया झाली, त्यात एक बारीकसा मज्जातंतू दुखावला आणि तिचा आवाज कायमचा गेला. त्या मज्जातंतूला पुढे वैद्यकीय लेखनात ‘गाल्ली-कुर्चीचा मज्जातंतू’ असं नावच पडलं. गोष्ट छोटी आहे, पक्की लक्षात राहते आणि हातात सुरी असलेल्या माणसाला योग्य तो धाक बसवते. पण धाक बसवणारी गोष्ट खरी असतेच असं नाही. हे प्रकरण नीट उलगडायला घेतलं की स्वरयंत्राची रचना आपोआप शिकून होते, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

घटनाक्रम

अमेलिता गाल्ली-कुर्ची यांचा जन्म १८८२ चा, मिलानमधला. शिक्षण पियानोचं, गाणं मात्र बरंचसं स्वतःचं स्वतः शिकलेलं. १९०६ मध्ये व्हेर्दीच्या ‘रिगोलेत्तो’ या ऑपेरात गिल्डाच्या भूमिकेतून त्या रंगमंचावर आल्या. नोव्हेंबर १९१६ मध्ये शिकागोत हीच भूमिका केली आणि अमेरिका वेडी झाली. १९२१ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात, सोबत ग्रामोफोनच्या तबकड्यांचा प्रचंड खप. आवाजाची जात ‘कोलोरातुरा सोप्रानो’, म्हणजे स्त्रीआवाजातला सगळ्यात वरचा पट्टा आणि त्यात वेगवान ताना. (जाता जाता: बाई आणि त्यांचे दुसरे यजमान होमर सॅम्युअल्स हे दोघे परमहंस योगानंदांच्या शिष्यवर्गातले. आपल्याकडच्या वाचकाला एवढा धागा पुरे.)

जानेवारी १९३० मध्ये त्यांनी ऑपेरा सोडला आणि फक्त मैफली सुरू ठेवल्या. गळ्यात गलगंड होताच, तो वाढत गेला. ऑगस्ट १९३५ मध्ये शिकागोत डॉ. आर्नल्ड केगल यांनी स्थानिक भूल देऊन तो काढला. काढलेल्या गाठीचं वजन साडेसहा औंस, म्हणजे १८० ग्रॅमच्या आसपास, असं तेव्हा छापून आलं होतं. निरोगी थायरॉइड ग्रंथी साधारण २० ग्रॅमची असते, त्यावरून अंदाज यावा. हे केगल म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामामुळे आज घरोघरी माहीत असलेले तेच केगल. त्या व्यायामावरचा लेख त्यांनी १९४८ मध्ये लिहिला. एकाच माणसाच्या नावावर एक दंतकथा आणि एक व्यायाम, असा हा प्रकार.

२४ नोव्हेंबर १९३६ ला, वयाच्या ५४ व्या वर्षी, बाई शिकागोत ‘ला बोहेम’मधली मिमी होऊन पुन्हा उभ्या राहिल्या. प्रयोग तो एकच. पुढे वर्षभर काही मैफली, आणि मग गाणं बंद. कॅलिफोर्नियात राहायला गेल्या, तिथे विद्यार्थ्यांना शिकवलं, १९६३ मध्ये वारल्या.

आधी शस्त्रक्रिया, मग अपयशी पुनरागमन. मधला दुवा लोकांनी आपापल्या मनाने भरला. तो भरणं बरोबर होतं का, हे ठरवायला आधी गळ्यात उतरावं लागेल.

गळ्यात काय आहे

स्वरयंत्र हे श्वासनलिकेच्या तोंडावर बसवलेलं कूर्चांचं घर आहे. पुढची ढालीसारखी मोठी कूर्चा थायरॉइड, जिचं टोक पुरुषांमध्ये घाटी म्हणून बाहेरून दिसतं. तिच्या खाली क्रिकॉइड. श्वासमार्गातली पूर्ण गोल असलेली ही एकच कूर्चा, पुढे अरुंद आणि मागे उंच. क्रिकॉइडच्या मागच्या उंच काठावर दोन छोट्या एरिटेनॉइड कूर्चा बसलेल्या असतात. दोन्ही स्वरतंतू पुढे थायरॉइड कूर्चेच्या आतल्या बाजूला एकत्र बांधलेले आणि मागे एकेका एरिटेनॉइडला जोडलेले. एरिटेनॉइड फिरल्या की स्वरतंतू जवळ येतात किंवा लांब जातात. स्त्रियांमध्ये स्वरतंतूची लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषांमध्ये दोनच्या आसपास. तंतू म्हणतो आपण, पण त्या घड्या आहेत: आत स्नायू, त्यावर मऊ थर, त्यावर ओलसर आवरण. कंप पावतं ते मुख्यतः वरचं आवरण, आतल्या स्नायूवरून सरकत.

हे यंत्र मुळात गाण्यासाठी नाहीच. खाल्लेला घास आणि पाणी फुप्फुसात जाऊ नये म्हणून असलेलं हे दार आहे. आवाज हा त्या दाराचा आपण करून घेतलेला उपयोग.

आवाज निघतो तो असा. स्वरतंतू जवळ येऊन वाट बंद होते. खालून उच्छ्वासाचा दाब वाढतो आणि घड्यांना दूर ढकलतो. हवा सुटली की फटीतला दाब पडतो, घड्यांची स्वतःची लवचिकताही त्यांना परत ओढते, आणि वाट पुन्हा बंद. हे चक्र सेकंदाला जितक्या वेळा होईल तितकी स्वराची उंची. बोलताना बाईच्या गळ्यात सेकंदाला सुमारे २०० वेळा, पुरुषाच्या गळ्यात सव्वाशेच्या आसपास. प्रत्येक कंपासाठी मेंदूकडून वेगळा हुकूम येतो, असा एक सिद्धांत १९५० मध्ये फ्रान्सच्या राऊल युसों यांनी मांडला होता. डच शास्त्रज्ञ व्हान डेन बर्ग यांनी १९५८ मध्ये तो मोडीत काढला. मेंदू फक्त ताण, जवळीक आणि दाब ठरवतो. बाकीचं काम हवा आणि मांस यांच्यातलं आहे.

आता या प्रकरणातला कळीचा स्नायू. थायरॉइड आणि क्रिकॉइड या दोन कूर्चांच्या मध्ये पुढच्या बाजूला, स्वरयंत्राच्या बाहेरून, क्रिकोथायरॉइड नावाचा स्नायू असतो. तो आखडला की दोन कूर्चा पुढच्या बाजूने एकमेकींजवळ येतात, त्यामुळे क्रिकॉइडचा मागचा भाग एरिटेनॉइडसकट मागे कलतो आणि स्वरतंतू ताणले जातात. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसं. मात्र तंबोऱ्याची तार पिळल्याने लांब होत नाही, स्वरतंतू होतात. लांब तार खाली बोलते, मग लांब झालेला स्वरतंतू वर का जातो? कारण लांबी थोडी वाढते, ताण कितीतरी जास्त वाढतो आणि कंप पावणारी कड पातळ होते. ताण जिंकतो.

करून बघा. घाटीवर बोट ठेवून खाली सरकवा. एक मऊ खळगा लागेल, त्याच्या खाली कडक कडं. तो खळगा म्हणजे या दोन कूर्चांमधली फट. तिथे बोट ठेवून खालच्या ‘आ’पासून तार षड्जापर्यंत सावकाश मींड घ्या. फट मिटत जाते. सगळं स्वरयंत्रही थोडं वर सरकतं, त्यामुळे पहिल्या प्रयत्नात गोंधळ होईल, पण जमतं.

दोन मज्जातंतू, दोन वेगळी दुखणी

स्वरयंत्राचे जवळपास सगळे स्नायू रिकरंट लॅरिंजियल या मज्जातंतूच्या हुकमात असतात. मेंदूपासून छातीत उतरणाऱ्या वेगस या मोठ्या मज्जातंतूपासून तो निघतो, डावीकडे महाधमनीला आणि उजवीकडे मोठ्या रोहिणीला वळसा घालून थायरॉइड ग्रंथीच्या मागून वर येतो. तो कापला गेला की त्या बाजूचा स्वरतंतू हलत नाही. आवाज घोगरा, हवा सुटलेला, पाणी पिताना ठसका. दोन्ही बाजूंचे गेले तर श्वासच अडकतो, कारण स्वरतंतू उघडणारा एकमेव स्नायूही त्याच्याच ताब्यात. दुसऱ्या शतकात गेलन यांनी ओरडणाऱ्या डुकराचा हा मज्जातंतू बांधून त्याला गप्प करून दाखवलं होतं, इतकी ही माहिती जुनी.

क्रिकोथायरॉइड हा एकटा स्नायू या राज्याबाहेरचा. त्याचा हुकूम वरून येतो: वेगसच्या वरच्या लॅरिंजियल शाखेच्या बाहेरच्या फाट्यातून. हाच तो ‘गाल्ली-कुर्चीचा मज्जातंतू’. हा फाटा मिलिमीटरभरही जाड नसतो आणि थायरॉइडला वरून रक्त पुरवणाऱ्या रोहिणीच्या अगदी सोबतीने खाली येतो. थायरॉइड काढायची तर ती रोहिणी बांधावीच लागते. जुन्या पद्धतीत तिथला सगळा गुंता एका गाठीत बांधला जाई, आणि मज्जातंतू त्यात सहज सापडे. ब्राझीलचे सर्जन सेर्निया यांनी १९९२ मध्ये याची वर्गवारी केली: काहींमध्ये हा फाटा ग्रंथीच्या वरच्या टोकापासून एक सेंटिमीटरहून अधिक उंचावरून जातो, काहींमध्ये त्याहून जवळून, आणि काहींमध्ये टोकाच्याही खालून. हा शेवटचा, सगळ्यात धोक्याचा प्रकार मोठ्या गलगंडात बराच जास्त आढळतो. फुगलेली ग्रंथीच वर चढून मज्जातंतूला गाठते.

तो एका बाजूचा गेला तर काय होतं? बोलण्यात फारसं काही कळत नाही. स्वरतंतू हलतात, मिटतात, उघडतात. पण वरचे स्वर हाताशी येत नाहीत, लांब हाक मारायचं बळ जातं, आवाज लवकर दमतो. दोन्ही बाजूंचे गेले तर बोलणंही सपाट, एकसुरी होतं. आणि हे सगळं शस्त्रक्रियेनंतर लगेच दिसतं, महिन्यांनी हळूहळू उगवत नाही. ही शेवटची बाब ध्यानात ठेवावी. तपासात तीच सगळ्यात कामाची आहे.

आरोपाच्या बाजूने

आरोप निराधार नाही. १८० ग्रॅमचा गलगंड, म्हणजे मज्जातंतू धोक्याच्या जागी असण्याची शक्यता मोठी. काळ १९३५ चा. सर्जनांचं सगळं लक्ष रिकरंटवर, या फाट्याची फिकीर फार थोड्यांना.

भूल स्थानिक होती हा मुद्दा बचावासाठी नेहमी पुढे येतो. रोगी जागा असला की त्याला बोलायला, सूर लावायला सांगता येतं, म्हणजे काही बिघडलं तर तिथल्या तिथे कळतं. मला हा बचाव अर्धवट वाटतो. अशी परीक्षा रिकरंटची होते. टेबलावर मान मागे टाकून, गळा उघडा असताना कोणी १३०० हर्ट्झचा स्वर लावून दाखवत नाही. त्यात भुलीचं औषध आजूबाजूला पसरलं तर हाच फाटा काही वेळ बधिर होऊ शकतो, मग परीक्षेला अर्थच राहत नाही.

भूमिकेची निवडही बोलकी आहे. गिल्डाच्या प्रसिद्ध गाण्यात कोलोरातुरा गायिका परंपरेने वरचा ‘ई’ लावतात, सुमारे १३१९ हर्ट्झ. मिमीचं गाणं बहुतेक मधल्या पट्टीत फिरतं आणि फार तर वरच्या ‘सी’पर्यंत, सुमारे १०४७ हर्ट्झपर्यंत जातं. ज्या बाईंनी गिल्डावर नाव कमावलं त्या पुनरागमनासाठी मिमी निवडतात, याचा अर्थ वरचा मजला आता आपला नाही हे त्यांना ठाऊक होतं. २०१३ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांच्या एका गटाने हे प्रकरण पुन्हा उघडलं आणि मज्जातंतूला इजा झालीच असावी, असा निष्कर्ष काढला.

आरोपाच्या विरुद्ध

त्याआधी २००१ मध्ये क्रूक्स आणि रेकाबारेन या दोन डॉक्टरांनी अमेरिकेच्या शल्यचिकित्सा नियतकालिकात नेमकं उलट लिहिलं होतं. त्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या वृत्तपत्री समीक्षा तपासल्या, बाईंच्या सहकाऱ्यांशी आणि सर्जनच्या नातेवाइकांशी बोलले. (सर्जनच्या नातेवाइकांची साक्ष कितपत धरायची, हे ज्याने त्याने ठरवावं.) त्यांच्या मते मज्जातंतूच्या इजेची गोष्ट टिकत नाही.

माझ्या दृष्टीने त्यातला वजनदार मुद्दा एकच: उतरण आधीच सुरू झाली होती. बाई सुरापेक्षा किंचित खाली गातात, ही तक्रार १९२० च्या दशकातच होऊ लागली होती. ऑपेरा सोडला १९३० मध्ये, शस्त्रक्रियेच्या पाच वर्षं आधी. त्यांनी स्वतः ऑपेरागृहांमधल्या राजकारणाला कंटाळल्याचं कारण दिलं, आणि तेही खरं असेल. पण ज्या गळ्याला वरचा ‘ई’ सहज लागतो तो गळा ४७ व्या वर्षी मेट्रोपॉलिटन सोडून मैफलींकडे वळतो, यात गळ्याचाही वाटा असणार.

मग आधीची उतरण कशाने? इथे संशयितांची रांग लागते. एवढा मोठा गलगंड श्वासनलिका दाबतो, बाजूला सारतो. सोप्रानोच्या गाण्याचं भांडवल म्हणजे खालून येणारा स्थिर दाब. तोच डळमळला की सूर आधी खाली सरकतो, आणि समीक्षकांची तक्रार नेमकी तीच होती. मग वय. पन्नाशीच्या आसपास संप्रेरकं बदलतात, स्वरतंतूंचं आवरण जाड होतं, कूर्चा हाडासारख्या कडक होत जातात. पन्नाशीतली कोलोरातुरा गायिका हा अपवादच असतो. थायरॉइडची संप्रेरकं कमी पडली तर स्वरतंतूंमध्ये सूज धरते आणि आवाज जड होतो. ग्रंथी काढल्यावर हे घडणं सहज शक्य होतं.

एक संशयित बहुतेक लेखांतून निसटतो. मोठ्या गलगंडाच्या शस्त्रक्रियेत स्वरयंत्रासमोरचे पट्ट्यांसारखे स्नायू बाजूला करावे लागतात, कधी कापावे लागतात. स्वरयंत्र वर-खाली नेणारे, त्याला जागेवर धरणारे स्नायू हेच. कुठलाही मज्जातंतू न दुखावता फक्त यांच्यात व्रण धरला, स्वरयंत्र कातडीला चिकटून बसलं, तरी वरचे स्वर जाऊ शकतात. म्हणजे शस्त्रक्रियेने आवाज गेला असं सिद्ध झालं तरी त्या फाट्यामुळे गेला हे सिद्ध होत नाही. दोन्ही बाजूंच्या वादात हा फरक पुसट होतो याचं मला नवल वाटतं.

तबकड्यांच्या साक्षीबद्दल थोडं. जुनं मुद्रण ऐकून ‘इथे सूर खाली आहे’, ‘इथे आवाज उतरला’ असं सांगण्याचा मोह होतो. पण त्या काळातल्या तबकड्या सगळ्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झालेल्या नसत. ७४ फेऱ्यांनी घेतलेली तबकडी ७८ ने वाजवली तर सगळं गाणं जवळजवळ एक अर्धस्वर चढतं. शिवाय १९२५ पर्यंतचं मुद्रण भोंग्यातून, मायक्रोफोनशिवाय. तेव्हाचा आणि नंतरचा आवाज शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या आरशांत एकच चेहरा पाहून वय ठरवणं.

माझं मत

एका बाजूच्या फाट्याला अर्धवट इजा झाली असणं शक्य आहे. गलगंडाचा आकार पाहता मी ती शक्यता किरकोळ म्हणणार नाही. पण ‘सर्जनने आवाज घेतला’ हे मला पटत नाही. १९३५ च्या आधी तो आवाज वरून झिजत आला होता. शस्त्रक्रियेने काय नेलं असेल तर उरलेला काठ. बोलण्याचा आवाज शाबूत होता, त्या पुढे शिकवत होत्या, म्हणजे रिकरंट ठीक आणि दोन्ही बाजूंचे फाटे गेल्याचं चित्रही जुळत नाही. ‘गाल्ली-कुर्चीचा मज्जातंतू’ हे नाव ठेवायला हरकत नाही, पुरावा म्हणून मात्र ते वापरू नये.

आपल्याकडच्या गाण्यात ही इजा आणखी लपते. काळी चार किंवा पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा षड्ज २०८ ते २३३ हर्ट्झ. तार पंचमाला पोचल्या तरी ७०० हर्ट्झच्या आत. ऑपेराच्या सोप्रानोचं काम जिथे सुरू होतं तिथे आपली बढत संपते. त्यामुळे थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर ख्याल गाणारी बाई ‘तार सप्तकात पूर्वीसारखं ठरता येत नाही, लवकर दमते’ एवढंच सांगते आणि समोरचा डॉक्टर ‘वय झालं, रियाज कमी पडला’ म्हणून सोडून देतो. दुर्बिणीतून पाहिलं तर स्वरतंतू व्यवस्थित हलताना दिसतात. १८५४ मध्ये गायनगुरू मॅन्युएल गार्सिया यांनी छोट्या आरशातून स्वतःचे स्वरतंतू पाहिले तेव्हापासून आपली सगळी भिस्त दिसण्यावर आहे, आणि क्रिकोथायरॉइड तर स्वरयंत्राच्या बाहेर बसलेला. आरशात तो येतच नाही.

गाणाऱ्या व्यक्तीची थायरॉइडची शस्त्रक्रिया ठरली तर आधीच आवाज मुद्रित करून ठेवावा: मंद्रापासून तारापर्यंत न तुटणारी मींड, सगळ्यात वरचा सहज लागणारा स्वर, लांब धरलेला ‘आ’. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी तेच पुन्हा. सर्जनने वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्या ग्रंथीलगत एकेक करून बांधाव्यात, आणि उपलब्ध असेल तर मज्जातंतूला सूक्ष्म विद्युतस्पर्श देऊन क्रिकोथायरॉइड आखडतो का ते पाहावं. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात हेच सुचवलं आहे.

तरीही शंका उरली तर ती मिटवणारी तपासणी एकच: गळ्याच्या कातडीतून बारीक सुई क्रिकोथायरॉइडमध्ये घालायची, रोग्याला सूर चढवायला सांगायचं आणि स्नायूत वीज खेळते का ते बघायचं. स्वरयंत्राच्या स्नायूंची अशी विद्युतनोंद पहिल्यांदा १९४४ मध्ये झाली. बाई त्यानंतर १९ वर्षं हयात होत्या. पण निवृत्त झालेल्या, नीट बोलणाऱ्या, आवाजाबद्दल दाद मागायला न आलेल्या बाईच्या गळ्यात सुई घालायचं कारण कोणाला पडणार होतं?